गुन्हा कोण ठरवतो? कायद्यामागचे राजकारण कागदांतून कसे वाचावे

गोव्यात पत्रादेवीच्या दुकानातून पावतीसह विकत घेतलेली दारूची बाटली महाराष्ट्रातील बांद्याच्या हद्दीत विनापरवाना आणली की गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते. हद्दीच्या दोन्ही बाजूंची माणसे जवळपास एकच बोली बोलतात, त्यांच्यात सोयरिकी होतात आणि बऱ्यावाईटाच्या त्यांच्या कल्पनांतही फारसा फरक नाही. फरक आहे तो विधिमंडळाचा. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तो तसाच राहिला. तो जुना कायदा अनेक दुरुस्त्यांसह महाराष्ट्रात आजही लागू आहे, म्हणून इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्या थांबवल्या जातात.

आपल्याकडे एखाद्यावर ‘केस आहे’ एवढे कानावर आले तरी गाव त्याच्याविषयीचे मत पक्के करून टाकते. ते वर्तन गुन्हा कधी झाले, कोणाच्या मागणीवरून झाले, त्यातून कोणाला वगळले आणि तेवढेच नुकसान करणारे दुसरे कोणते वर्तन मोकळे राहिले, हे प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा सार्वजनिक कागदांत असतात आणि ती शोधायला वकिलीची पदवी लागत नाही. मच्छीमार सोसायटीचे कार्यकर्ते, ग्रामपंचायत सदस्य, तालुक्याचे वार्ताहर आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना करता येईल असा शोध कसा घ्यावा, ते पुढे मांडले आहे. प्रत्यक्ष खटला अंगावर असेल तर वकील गाठलाच पाहिजे. हे लेखन त्याची जागा घेत नाही.

शोधाची सुरुवात बातमीपासून न करता कलमापासून करावी. ‘गुन्हा दाखल’ या दोन शब्दांखाली वर्तमानपत्रे अनेक वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतात. प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता हे अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर साधारणपणे २४ तासांत प्रसिद्ध करावे लागतात. त्या अहवालात कायद्याचे नाव, वर्ष आणि कलम दिलेले असते, ते वहीत उतरवून घ्यावे. त्यानंतर हे प्रकरण फौजदारी गुन्ह्याचे आहे की प्रशासकीय शास्तीचे (अधिकाऱ्याने लावलेल्या आर्थिक दंडाचे), हे तपासावे. बंदी मोडणारी नौका पकडली की गावात ‘गुन्हा झाला’ असेच म्हणतात, परंतु महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्याखाली प्रकरण अभिनिर्णय अधिकाऱ्यापुढे जाते आणि तो शास्ती ठोठावतो. कोणत्या वर्तनासाठी तुरुंग आणि कोणत्या वर्तनासाठी केवळ पैसे, हा निर्णय मुळातच राजकीय असतो. त्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

कलम हाती आले की त्याचा जन्म शोधावा. मूळ अधिनियम, नंतरच्या दुरुस्त्या आणि अधिसूचना राजपत्रात छापलेल्या असतात. विधेयकासोबत ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडलेले असते. आणि सभागृहात झालेली चर्चा विधिमंडळाच्या कार्यवाहीच्या वृत्तांतात सापडते. निवेदन दीड-दोन पानांचे असते, तरी सरकारने आपली बाजू कशी मांडली ते त्यातून नेमके कळते. वृत्तांत वाचताना मंत्र्याचे भाषण आधी वाचण्याचा मोह होतो, पण कोणत्या मतदारसंघाचे सदस्य कोणती दुरुस्ती सुचवत होते ते आधी पाहावे. कायदा कोणाच्या दडपणाखाली आणि कोणाच्या विरोधाला तोंड देत घडला, हे मंत्र्याच्या भाषणापेक्षा त्या दुरुस्त्यांमधून अधिक उघड होते.

जन्म शोधताना मागे किती जावे, याचा अंदाज येण्यासाठी कोकणातीलच दोन उदाहरणे घेऊ. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी मीठ उचलले आणि त्यासाठी लाठ्या आणि तुरुंगवास पत्करला. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि ज्या भागात मीठ नैसर्गिकरीत्या तयार होते तेथील रहिवाशांना घरगुती वापरापुरते मीठ गोळा करण्याची व बनवण्याची मुभा मिळाली. वर्षभराच्या आत हा बदल झाला तो वाटाघाटींमुळे. समुद्र, मीठ आणि माणसे होती तीच होती. दुसरे उदाहरण उरण तालुक्यातील चिरनेरचे. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी राखीव वनात लाकूड तोडणे, गवत कापणे, गुरे चारणे यांवर बंधने घातली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा निर्वाह एका अधिसूचनेने अपराध ठरला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि माणसे मृत्युमुखी पडली. पुढे संसदेने २००६ चा वनहक्क कायदा केला आणि आदिवासी व अन्य पारंपरिक वननिवासींचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. त्या कायद्याच्या उद्देशिकेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द आहेत. चिरनेरच्या सत्याग्रहाला तोवर ७६ वर्षे उलटली होती. म्हणून एखाद्या कलमाचा अभ्यास करताना केवळ शेवटची दुरुस्ती पाहून थांबू नये.

पुढील टप्पा सर्वांत फलदायी आहे आणि नेमका तोच बहुतेक जण वगळतात. कलमातील मनाई वाचून झाली की व्याख्या आणि सवलती वाचाव्यात. मासेमारीचा कायदा या दृष्टीने फार शिकवणारा आहे. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले, रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) आणि लहान होड्यांवर जगणाऱ्यांच्या पोटावर पाय आला आणि गोव्यातील रापणकारांसह पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी आंदोलने झाली. त्या दडपणातून केंद्राने राज्यांसमोर एक आदर्श विधेयक ठेवले आणि महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा त्याच वाटेने आला. म्हणजे हा कायदा माशांच्या रक्षणासाठी जितका होता, तितकाच तो दोन प्रकारच्या मच्छीमारांमधील वाटणीसाठीही होता. तो असाच वाचला पाहिजे, कारण पुढील प्रत्येक दुरुस्तीत तीच वाटणी पुन्हा मांडली गेली आहे.

५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने राज्याच्या जलधी क्षेत्रातील (किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांतील) पर्ससीन मासेमारीवर (माशांच्या थव्याभोवती मोठे जाळे टाकून ते खालून आवळण्याच्या पद्धतीवर) कालावधी, क्षेत्र आणि परवान्यांची संख्या यांची बंधने घातली. मालवणच्या रापणकाराच्या दृष्टीने हा उशिरा मिळालेला न्याय होता. रत्नागिरीच्या बंदरात कर्ज काढून पर्ससीन नौका उभी करणाऱ्याच्या दृष्टीने कालपर्यंत शासनाच्याच परवान्यावर चाललेला धंदा आज बेकायदा ठरत होता. दोघांचेही म्हणणे ऐकून घ्यावे. परंतु कोणाचे म्हणणे अधिसूचनेत उतरले आणि किती उतरले, हे मात्र मजकुरावरूनच ठरवावे. त्यासाठी अधिसूचना समोर ठेवून तीन गोष्टी अधोरेखित कराव्यात: कोणत्या जाळ्याला मनाई आहे, किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत आहे आणि कोणत्या महिन्यांत आहे. प्रत्येक अधोरेखेसमोर आपल्या बंदरातील कोणत्या नौकांना ती लागू होते, ते लिहावे. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीतून बिगर-यांत्रिक पारंपरिक नौकांना वगळलेले असते, हे या पद्धतीने वाचताना सहज लक्षात येते, आणि ती सवलत कोणी दान दिलेली नसून झगडून मिळवलेली आहे हेही उमगते.

येथे आणखी एक रेषा आहे, आणि ती पाण्यावर दिसत नाही. संविधानानुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे, मात्र प्रादेशिक जलक्षेत्राबाहेरील मासेमारी संघसूचीत येते. त्यामुळे १२ सागरी मैलांच्या आत राज्याचा कायदा चालतो आणि त्यापलीकडे केंद्राचे आदेश. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याची पद्धत केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या क्षेत्रात बंद केली आणि राज्याने २०२१ च्या दुरुस्तीत अशा मासेमारीसाठीची शास्ती लाखांच्या घरात नेली. एखाद्या तांडेलावर (नौकेच्या प्रमुखावर) कारवाई झाल्याचे वाचले, तर नौका कोठे पकडली गेली हा पहिला प्रश्न विचारावा. उत्तरावरून कोणते सरकार उत्तरदायी आहे ते कळते आणि निवेदन मंत्रालयात पाठवायचे की दिल्लीला, तेही ठरते.

आता शिक्षेच्या आकड्याकडे वळू. फौजदारी कार्यपद्धतीचा सर्वसाधारण नियम असा आहे की विशेष कायद्याने स्वतः वेगळे सांगितले नसेल, तर तीन वर्षे ते सात वर्षे कैदेचा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असतो आणि तीन वर्षांहून कमी शिक्षेचा अदखलपात्र व जामीनपात्र. म्हणजे विधेयकात ‘दोन वर्षे’ लिहायचे की ‘तीन वर्षे’, या एका निर्णयाने पोलीस वॉरंटाशिवाय दारात येऊ शकतील की नाही ते ठरते. समुद्रकिनाऱ्याच्या नियमनाचे उदाहरण पाहावे. भरतीरेषेलगतच्या बांधकामांवर मर्यादा घालणाऱ्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली निघतात आणि त्यांचा भंग केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. संसदेने २०२३ मध्ये जनविश्वास कायदा करून ४२ कायद्यांतील अनेक शिक्षा बदलल्या. त्यातील पर्यावरण कायद्याची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली आणि कैदेच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतची शास्ती आली. व्यवसाय सुलभ व्हावा आणि न्यायालयांवरचा भार कमी व्हावा, ही सरकारची त्यामागची भूमिका होती. ती भूमिका समजून घेऊनही माझे मत असे आहे की किनाऱ्यावर मोठे हॉटेल उभारणाऱ्याला १५ लाखांची शास्ती हा केवळ खर्चाचा एक भाग वाटू शकतो, तर घरालगत मांगर (खोपटे) वाढवणाऱ्या कोळ्याचे तेवढ्यात सर्वस्व जाते. आकडा सर्वांसाठी सारखा असला म्हणजे शिक्षा सारखी होते असे नाही, आणि म्हणून शिक्षेचे कलम वाचताना ती नेमकी कोणाला जाणवेल, हे लिहून ठेवावे.

एवढा शोध कायद्यात जे लिहिलेले आहे त्याचा झाला. जे लिहिलेले नाही, ते शोधणे अधिक अवघड असते आणि अधिक महत्त्वाचेही. कोणते नुकसान गुन्हा ठरलेले नाही, हे ओळखण्यासाठी गावात वर्षानुवर्षे कोण कोणती तक्रार घेऊन पोलीस ठाण्यातून रिकाम्या हाताने परतत आहे, ते पाहावे.

वाळीत टाकण्याची प्रथा हे त्याचे कोकणातील सर्वांत दुःखद उदाहरण आहे. गावकीच्या बैठकीत एखादे कुटुंब वाळीत पडले की शिमग्यात पालखी त्याच्या दारात येत नाही, दुकानदार सामान देत नाही, त्या घरातील लग्नाला कोणी जात नाही आणि मयताला खांदा द्यायलाही कोणी येत नाही. मारहाण नाही, चोरी नाही. तक्रार कोणत्या कलमाखाली घ्यायची, असा प्रश्न ठाणे अंमलदारापुढे उभा राहायचा. यावर कायदा कधीच नव्हता असे नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला होता, पण दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. त्यानंतर कितीतरी दशके ही पोकळी तशीच राहिली. रायगड जिल्ह्यातून अशा प्रकरणांच्या बातम्या वारंवार येत राहिल्या, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या विरोधात मोहीम उघडली, पीडित कुटुंबे स्वतःची नावे सांगून बोलू लागली, आणि एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरोधातील विधेयक संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो कायदा अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि बहिष्कार म्हणजे काय याची लांबलचक यादी आहे. ती यादी अवश्य वाचावी. विवाह व अंत्यविधी यांत अडथळा आणणे आणि सेवा नाकारणे यांसारख्या कृत्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पीडितांचे अनुभव ज्यांनी बारकाईने ऐकले, त्यांनीच ही यादी घडवली असली पाहिजे, असे ती वाचताना वाटते.

महाडचा इतिहासही याच टप्प्यावर वाचावा. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी पाणी प्यायलेल्यांवर हल्ला झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. त्यामुळे पाणी अडवणाऱ्याऐवजी पाणी घेणाराच कायदा मोडणारा ठरण्याची वेळ आली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पुन्हा पाणी घेण्याचा बेत स्थगित ठेवावा लागला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या केंद्रीय कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यावर अडवणूक करणे देशभर शिक्षापात्र केले. अडवणूक करणारा आणि पाणी घेणारा यांच्यातील गुन्हेगार कोण, हे उत्तर २८ वर्षांत पूर्णपणे उलटले. राजकारण म्हटले की आपल्या मनात फक्त पक्ष आणि निवडणुका येतात. परंतु सत्याग्रह, याचिका, संविधान सभेतील वाद आणि मतदानाचा हक्क या साऱ्यांचा त्यात समावेश आहे, आणि गुन्ह्याची व्याख्या न्यायाच्या दिशेने सरकली आहे ती त्यांच्याच बळावर.

काही गुन्हे तात्पुरते असतात, त्यांचाही शोध घ्यावा. जिल्हा दंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदीचा किंवा शस्त्रे-लाठ्या बाळगण्यावर मनाईचा आदेश काढतात. असा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांहून अधिक काळ चालू शकत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतील पूर्वीचे जमावबंदीचे कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाले आहे. एप्रिल २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा मनाई आदेश लागू होते आणि विरोध करणाऱ्या ग्रामस्थांना ताब्यात घेण्यात आले. प्रकल्प हवा की नको यावर मतभेद असू शकतात. वाचकाने मात्र आदेशाची प्रत मिळवावी आणि तो कोणत्या तारखेपासून, कोणत्या गावांत, कोणते कारण देऊन काढला, हे नोंदवावे. कारण एरवी कायदेशीर असलेले एकत्र जमणे त्या आदेशाने गुन्हा बनते. याच्या दुसऱ्या टोकाला खटले मागे घेण्याची प्रक्रिया आहे. राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्यासाठी राज्य शासन वेळोवेळी निर्णय काढते आणि त्यात जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचे नुकसान ठरावीक रकमेपेक्षा अधिक नसावे अशा अटी असतात. अंतिम संमती न्यायालयाची असते, आणि आजी-माजी आमदार-खासदारांचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. कोणत्या आंदोलनाचे खटले मागे घेतले गेले आणि कोणाचे अजून तारखांवर तारखा घेत चालू आहेत, ही यादी केली तर कायद्यापेक्षा अंमलबजावणीचे राजकारण अधिक स्वच्छ दिसते.

अंमलबजावणीची माहिती मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क १० रुपये असते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. अर्जात ‘का’ असा प्रश्न विचारू नये, कारण माहिती अधिकारी कारणे देण्यास बांधील नसतो. त्याऐवजी अभिलेख (कार्यालयातील नोंदी) मागावा. उदाहरणार्थ, असे लिहावे: ‘१ जानेवारी २०२२ पासून आजपर्यंत आपल्या कार्यालयाने सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली नोंदवलेल्या प्रकरणांची यादी द्यावी, प्रत्येक प्रकरणात नौकेचा प्रकार, जाळ्याचा प्रकार, पकडल्याचे ठिकाण, लावलेली शास्ती आणि वसूल झालेली रक्कम नमूद असावी.’ लावलेली शास्ती आणि वसूल झालेली शास्ती यांसाठी वेगवेगळे रकाने मागणे आवश्यक आहे. व्यक्तींची नावे मागू नयेत. त्यांची गरज नसते आणि त्याच कारणावरून अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता वाढते.

हा सारा अभ्यास जुन्या कलमांपुरता ठेवू नये, कारण नवे वर्तन गुन्हा ठरण्यापूर्वी नागरिकाला बोलण्याची एक मुदत मिळते आणि ती बहुधा कोणाच्या लक्षात येण्याआधीच संपते. पर्यावरण कायद्याखालील प्रारूप अधिसूचनेवर साधारणपणे ६० दिवसांत हरकती घेता येतात. विधेयक संयुक्त समितीकडे गेले असेल, तर समिती जाहिरात देऊन सूचना मागवते. बेकायदा ठरवलेल्या संघटनांच्या कारवायांविरोधातील महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर अशा १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, समितीने काही तरतुदींचे शब्द बदलले आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक संमत झाले. झालेले बदल पुरेसे होते की नाही, यावरचा वाद त्यानंतरही चालू राहिला. हरकत लिहिताना कलमाचा क्रमांक, त्यातील आक्षेपार्ह शब्द, त्या शब्दामुळे आपल्या गावातील कोणते नेहमीचे काम गुन्हा ठरू शकते याचे एक खरे उदाहरण आणि सुचवलेला पर्यायी मजकूर, एवढे एका पानात मांडावे. मच्छीमार सोसायटी किंवा ग्रामसभा यांचा ठराव मिळाला तर तो सोबत जोडावा. पत्र मुदतीच्या किमान आठवडाभर आधी पोचपावतीसह टपालाने पाठवावे, ईमेलनेही पाठवावे, आणि पोचपावती ठरावाच्या वहीत चिकटवून ठेवावी, म्हणजे पुढे सभागृहात ‘कोणाचीही हरकत आली नाही’ असे सांगितले गेले, तर आपल्या आमदाराला ती पोचपावती दाखवून तेथेच खुलासा मागता येईल.